शीत, भात आणि ‘अ, ॲन, द’

होस्टेलमध्ये राहणाऱ्या कुठल्याही माणसाला दिवसातून किमान तीनदा एक प्रश्न पडतोच पडतो – “आज मेसमध्ये काय आहे?” सबमिशन असो, युनिट टेस्ट असो नाहीतर क्रिकेटची मॅच असो, या प्रश्नाला सुट्टी नाही. खाण्याबद्दल आपण जितकं बोलतो तितकं दुसऱ्या कशाबद्दलच बोलत नाही, अगदी मार्कांबद्दलसुद्धा नाही! तेव्हा मनात आलं, जो विषय सतत आपल्या तोंडात असतो, त्याच्याच मदतीने इंग्रजीतली एक जुनी डोकेदुखी थोडी कमी करता आली तर?

ती डोकेदुखी म्हणजे आर्टिकल्स. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. (शाळेत आपण ‘ए’ म्हणून शिकतो, पण भरभर बोलताना त्याचा उच्चार ‘अ’ असाच होतो.) तीन चिमुकले शब्द, पण भल्याभल्यांना घाम फोडतात. थर्मोडायनॅमिक्सचं डेरिव्हेशन वही न उघडता फळ्यावर लिहिणारी मुलगी ग्रुप डिस्कशनमध्ये गप्प बसते. का, म्हणून विचारलं तर म्हणते, “मुद्दा माहीत होता गं. पण ‘अ’ लावू का ‘द’ लावू हे ठरवेपर्यंत विषय पुढे गेला.” मुद्दा डोक्यात, शब्द तोंडात, आणि मध्ये ही तीन अक्षरं गेट बंद करून उभी! आणि समोरचे समजतात की हिला काही येतच नाही. हे काही बरोबर नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मैत्रिणी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. पण खरं सांगू? कॉन्व्हेंटवाल्यांचा कान तयार असतो, कारण तयार नसतं. “इथे ‘द’ का?” असं विचारलं की “तसंच बरोबर वाटतं” एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तराचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही. कारण शोधायला लागले तेव्हा ते ग्रामरच्या पुस्तकापेक्षा मेसच्या रांगेत लवकर सापडलं. आणि गंमत म्हणजे ते मराठीतच होतं.

शीत वेगळं, भात वेगळा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण सगळ्यांना माहीत असेल. (मला माझ्या कोकणातल्या रूममेटने शिकवली.) आता या म्हणीकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. शीत मोजता येतं – एक शीत, दोन शितं. भात मोजता येत नाही, तो नुसता असतो, कमी किंवा जास्त. ‘असतील शितं तर जमतील भुतं’ म्हणताना आपण शिताचं अनेकवचन सहज करतो. भाताचं करून बघा... होत नाही ना?

बस्स, इंग्रजी आर्टिकलचा अर्धा धडा इथेच झाला. जे मोजता येतं त्याला एकवचनात ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागू शकतं – ‘अ बनाना’, ‘ॲन एग’, ‘अ समोसा’. जे नुसतं ‘असतं’ त्याला लागत नाही – राईस, डाळ, वॉटर, शुगर, ब्रेड, बटर. ‘आय वाँट अ राईस’ कानाला खटकतं, कारण ते ‘मला एक साखर हवी’ म्हणण्यासारखं आहे. साखर एक कशी असेल? चमचा एक असेल, डबा एक असेल.

मग मोजायचं असेल तर? मराठीत करतो तेच करायचं, मोजायचं माप पुढे आणायचं. आपल्याकडे लसणाची पाकळी, कोथिंबिरीची जुडी, गुळाचा खडा, मिठाची चिमूट. इंग्रजीत ‘अ क्लोव्ह ऑफ गार्लिक’, ‘अ बंच ऑफ कोरिॲंडर’, ‘अ लम्प ऑफ जॅगरी’, ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’. शीत म्हणजे ‘अ ग्रेन ऑफ राईस’. आणि ब्रेडचं काय? आपण दुकानात सर्रास “दोन ब्रेड द्या” म्हणतो, पण इंग्रजीत एक तुकडा म्हणजे ‘अ स्लाईस ऑफ ब्रेड’ आणि अख्खा पाव म्हणजे ‘अ लोफ ऑफ ब्रेड’.

आता तुम्ही म्हणाल, “पण मेसच्या काउंटरवर आपण ‘दोन भात, एक ताक’ म्हणतोच की!” म्हणतो ना. तिथे भात म्हणजे भाताची प्लेट आणि ताक म्हणजे ताकाचा ग्लास, हे देणाऱ्यालाही कळतं आणि घेणाऱ्यालाही. इंग्रजीतही अगदी असंच चालतं. हॉटेलात ‘अ कॉफी, प्लीज’ किंवा ‘टू टीज’ म्हटलं तर ते बिलकुल चुकीचं नाही. माप बोललं नाही, तरी मनात आहे.

या ‘अ’मुळे अर्थ कसा बदलतो बघा. रविवारच्या फीस्टनंतर कुणी ‘आय एट चिकन’ म्हणालं तर ठीक, चिकन खाल्लं. पण ‘आय एट अ चिकन’ म्हणालं तर अख्खी कोंबडी एकट्याने संपवली! तसंच मेसच्या तक्रार वहीत लिहायचं असेल तर ‘देअर वॉज अ हेअर इन द डाळ’ असं लिहा. ‘अ’ आहे म्हणजे एक केस. ‘अ’ गाळलात तर किती केस ते कळत नाही, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुंजकाच उभा राहील. काकांवर उगाच अन्याय नको.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला फसवते. आपण म्हणतो “तांदूळ निवडले”, “गहू दळले”, “पोहे केले” – सगळी अनेकवचनं. म्हणूनच ‘राईस आर’ तोंडात येतं. इंग्रजीत राईस आणि व्हीट एकवचनी, पण ओट्स आणि नूडल्स अनेकवचनी. यात फार तर्क शोधू नका, प्रत्येक भाषेच्या काही लहरी असतात. खुद्द इंग्रजांचाही घोळ झालेला आहे. वाटाण्याला त्यांच्याकडे पूर्वी ‘पीज’ असा शब्द होता आणि तो एकवचनीच होता. शेवटचा ‘झ’ ऐकून लोकांना तो अनेकवचनी वाटला आणि त्यांनी त्यातून ‘पी’ हे नवं एकवचन तयार केलं. तेच आज डिक्शनरीत मानाने बसलंय!

‘अ’ की ‘ॲन’? देवनागरीला विचारा

‘ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन’ हा नियम आपण पाठ केला आणि तिथेच फसलो. कारण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आणि उच्चार ओळखायला आपल्याकडे देवनागरी आहे. इंग्रजी शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. झालं!

एग, ऑम्लेट, इडली, उत्तप्पा – सगळे स्वर, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’ लिहा, पहिलं अक्षर ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-रुपी कॉइन’मध्ये ‘व’, म्हणून ‘अ’. ‘अवर’मध्ये ‘अ’, म्हणून ‘ॲन अवर’. आपल्या कामाचे शब्दही बघून घ्या: ‘ॲन एल.ई.डी.’, ‘ॲन एस.एम.एस.’, ‘ॲन एम.टेक.’, पण ‘अ यू.पी.एस.’ आणि ‘अ यू.एस.बी. पोर्ट’. शेवटच्या दोघांत अक्षर ‘यू’ असलं तरी आवाज ‘य’चा आहे. स्पेलिंगवरून अडखळणारे इथे देवनागरीवरून सुटतात. मराठी माध्यमात शिकल्याचा हा सरळ सरळ फायदा आहे.

खरं तर मूळचा शब्द ‘ॲन’च. जुन्या इंग्रजीतला ‘एक’ या अर्थाचा शब्द झिजून ‘ॲन’ झाला आणि पुढे व्यंजन आलं की त्यातला ‘न’ गळायला लागला. या ‘न’च्या येण्याजाण्यात घोटाळेही झाले. आपण वर्कशॉपमध्ये जो एप्रन घालतो तो मुळात ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ म्हणता म्हणता ‘न’ पलीकडे सरकला आणि ‘ॲन एप्रन’ झालं. नॅपकिन हा त्याचा भाऊबंद, त्याने मात्र आपला ‘न’ सांभाळला. संत्र्याचीही अशीच कथा. आपल्या ‘नारिंगी’ रंगातला ‘ना’ बघा. संस्कृत ‘नारंग’ फारसी, अरबी असा प्रवास करत युरोपात गेला, आणि इंग्रजीत पोचायच्या आधीच ‘न’ हरवून ‘ऑरेंज’ झाला.

‘द’ म्हणजे ‘तो’, दुसरं काही नाही

‘अ’ जसा ‘एक’मधून आला, तसा ‘द’ हा ‘तो, ती, ते’ अशा बोट दाखवणाऱ्या शब्दातून आला. ही दोन नाती लक्षात ठेवली तर पुढची कसोटी आपोआप समजते.

मराठी वाक्य मनात म्हणा. नामाच्या आधी ‘तो, ती, ते’ घालून बघा. अर्थ बदलला नाही तर ‘द’ लावा. ‘एक’ किंवा ‘एखादा’ घालून अर्थ तोच राहिला तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. दोन्ही बसत नसतील तर काही लावू नका.

“मीठ दे.” कुठलं? टेबलावरचं ते मीठ. ‘ते’ बसतंय, म्हणून ‘पास द सॉल्ट’.

“भूक लागलीय, सफरचंद आहे का?” कुठलंही, एखादं चालेल. म्हणून ‘ॲन ॲपल’.

“मला वांगं आवडत नाही.” ‘ते वांगं’ म्हटलं तर अर्थ बदलतो, जणू समोरच्या एकाच वांग्याशी भांडण आहे. ‘एक वांगं’ही बसत नाही. म्हणून नुसतं ‘आय डोंट लाईक ब्रिंजल’.

“वरणात मीठ कमी आहे.” इथे एका वाक्यात दोन्ही आहेत. ‘त्या वरणात’ चालतं, ‘ते मीठ’ चालत नाही. म्हणून ‘देअर इज नॉट इनफ सॉल्ट इन द डाळ’.

आपला गोंधळ नेमका कुठे होतो तेही बघू. मराठीत आपण म्हणतो, “एक डोसा आणि एक कॉफी सांगितली. डोसा गार होता.” पहिल्यांदा ‘एक डोसा’, दुसऱ्यांदा नुसता ‘डोसा’. ‘तो’ म्हणायची गरज नाही, ऐकणाऱ्याला कळतंच. इंग्रजीत मात्र तो लपलेला ‘तो’ बोलून दाखवावा लागतो – ‘आय ऑर्डर्ड अ डोसा अँड अ कॉफी. द डोसा वॉज कोल्ड.’ म्हणजे आपल्याला फरक कळत नाही असं नाही. फरक आपण मनात ठेवतो, इंग्रजी तो तोंडाने सांगते. एवढंच.

ही कसोटी बहुतेक वेळा चालते, सगळीकडे नाही. जेवणांच्या नावांची वेगळी सवय आहे. ब्रेकफास्ट, लंच, डिनर यांना एरवी काही लावत नाहीत – ‘हॅव यू हॅड लंच?’ पण जेवणाचं वर्णन आलं की ‘अ’ येतो – ‘वी हॅड अ हेवी लंच’. आणि ठरावीक जेवण असेल तर ‘द’ – ‘द डिनर ॲट द गॅदरिंग’. आणखी एक, आपल्याकडे ‘टेक युअर लंच’ ऐकू येतं, पण इंग्लंड-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात खाण्यापिण्याला ‘हॅव’ वापरतात.

थोडं आणि थोडंच

मेसला उशिरा पोचणाऱ्यांसाठी हा भाग अत्यंत महत्त्वाचा! ‘देअर इज अ लिट्ल डाळ’ म्हणजे थोडं वरण आहे, या. ‘देअर इज लिट्ल डाळ’ म्हणजे थोडंच वरण आहे, भरवसा धरू नका. चपात्यांचंही तेच. ‘अ फ्यू’ म्हणजे थोड्या, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे थोड्याच. मराठीत जे काम ‘च’ लावून होतं ते इंग्रजीत ‘अ’ काढून होतं. त्यांचा ‘अ’ गेला की आपला ‘च’ आला, असं लक्षात ठेवा. पुस्तकात या दोन शब्दांवर लांबलचक स्पष्टीकरण असतं, पण ‘च’ माहीत असलेल्या माणसाला त्याची गरज नाही.

वाक्प्रचारांची थाळी

इंग्रजी वाक्प्रचारांत आर्टिकल सिमेंटसारखं घट्ट बसलेलं असतं. ते काढता येत नाही की बदलता येत नाही. म्हणून वाक्प्रचार पाठ करताना आर्टिकलसकटच पाठ करावा. एका दगडात दोन पक्षी! थोडे वाढते, चाखून बघा.

‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे हातचा मळ, अगदी सोपं काम. ‘द आयसिंग ऑन द केक’ म्हणजे साधारण आपली दुधात साखर. केक नुसता पदार्थ म्हणून आला तर त्याचा ‘पीस’ लागतो, विशिष्ट केक असेल तर ‘द’. वर सांगितलेलंच सगळं इथे आहे.

‘आऊट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर’ म्हणजे आगीतून फुफाट्यात. आपण आगीतून निघतो, ते आगीत पडतात. भाजायचं दोघांनाही चुकत नाही.

‘अ स्टॉर्म इन अ टीकप’ तर आपण मराठीत घेऊनच टाकलाय, चहाच्या पेल्यातलं वादळ. एक वादळ, एक पेला, दोन्ही कुठलेही. म्हणून दोनदा ‘अ’.

‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणजे ऐकलेल्या गोष्टीवर पूर्ण विश्वास न ठेवणं. “या वर्षी पेपर सोपा आहे” असं सीनिअर सांगतात तेव्हा वापरावा. ब्रिटिश लोक ‘पिंच’ म्हणतात, अमेरिकन ‘ग्रेन’. म्हणजे तिकडेही चिमूट आणि कण!

‘एग ऑन युअर फेस’ म्हणजे सगळ्यांसमोर फजिती. इथे ‘ॲन एग’ का नाही? कारण चेहऱ्यावर अख्खं अंडं ठेवलेलं नाही, ते फुटून माखलंय. मोजता येईल असं काही उरलेलंच नाही. चिकन आणि ‘अ चिकन’चाच हा भाऊ.

‘ब्रेड अँड बटर’ला आर्टिकल नाही. अर्थ पोटापाण्याचा उद्योग. आपल्याकडे भाकरीचा प्रश्न म्हणतात, त्यांच्याकडे ब्रेडचा.

‘इन अ पिकल’ म्हणजे अडचणीत सापडलेला. इथे मराठी लोणच्याशी गल्लत करू नका. “एवढ्या नोट्स घेऊन काय लोणचं घालणार आहेस?” यातलं लोणचं वेगळं.

आणि एक सावधानतेची सूचना. मराठी वाक्प्रचार शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेऊ नका. ‘त्याची डाळ शिजली नाही’ तशीच नेलीत तर ऐकणारा कुकर बिघडला का म्हणून विचारेल. आणि ‘नाकाने कांदे सोलणं’ नेलंत तर डॉक्टरकडे पाठवेल.

मग हे शिकायचं कशासाठी?

नोकरीसाठी, हे आहेच. पण आपल्या कामातही याला किंमत आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘कनेक्ट अ रेझिस्टर’ म्हणजे कुठलाही एक रेझिस्टर जोडा. ‘कनेक्ट द रेझिस्टर’ म्हणजे आधी सांगितलेला तोच जोडा. मशीनच्या मॅन्युअलमध्ये ‘रिमूव्ह द स्क्रू’ वाचून कुणी भलताच स्क्रू काढला तर आर्टिकल हा ग्रामरचा विषय राहत नाही, सेफ्टीचा होतो.

मात्र आर्टिकल हे हुशारी मोजायचं माप नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. रशियन भाषेत आर्टिकल नाही, जपानीत नाही, लॅटिनमध्ये नव्हतं, पाणिनीच्या संस्कृतातही नाही. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. एखादीचा ‘द’ राहिला म्हणून कुणी हसत असेल तर त्या हसणाऱ्याला आधी मराठीत ‘पोहे झाले’ का आणि ‘पोहे झाला’ का नाही, हे समजावून सांगायला लावा. गंमत बघा काय होते ती.

म्हणून एक सुचवते. मेसमधलं एक टेबल आठवड्यातून एक दिवस रात्रीच्या जेवणाला इंग्रजी टेबल करूया. नियम दोनच. विषय फक्त ताटात जे आहे तोच, आणि हसायचं नाही. वरण, भात, भाजी, चपाती, एवढ्या चार शब्दांवर ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ आणि ‘काहीच नाही’ यांचा भरपूर सराव होतो. वाढणाऱ्या मावशी-काकांनाही यात घेऊया, त्यांना ‘एक’ आणि ‘एखादी’तला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. बदल्यात कॉन्व्हेंटवाल्यांना दर वेळी एक मराठी म्हण शिकवायची. माझ्या वहीत आत्तापर्यंत अकरा झाल्या आहेत आणि त्यांतल्या सात खाण्याच्याच आहेत.

ग्रुप डिस्कशनमध्ये मात्र एवढं करा. मुद्दा आला की बोला. ‘द’ राहिला तर राहू दे, तो नंतर वाढून घेता येतो. मुद्दा गार झाला की कुणी गरम करून देत नाही.